नववी 'ब', नऊ कॉम्प्युटर आणि एक ऑनलाइन स्प्रेडशीट

खडूवाला | ११ जुलै, रात्री ९:५२

मागच्या एप्रिलमध्ये मी ४६ पोट्ट्यांचे गुण एका क्लिकमध्ये आपसांत वाटून टाकले.

झालं असं. नागपुरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत गणित शिकवतो, २४ वर्षं झाली. निकालाचं काम आजवर वहीत आणि कॅल्क्युलेटरवर. यंदा म्हटलं गूगल शीट्स वापरून पाहू. नावं एका रकान्यात, पुढे विषयांचे गुण. भूमितीत पहिलं कोण ते पाहायला तेवढा एकच रकाना निवडला आणि सॉर्ट मारला. रकाना आज्ञाधारक, उतरत्या क्रमाने लागला. नावं मात्र होती तिथंच बसून राहिली. वर्षभर कंपास न आणणारा पोट्टा भूमितीत पहिला आला. खरं सांगतो, दोन मिनिटं मी खूषही झालो होतो, की चला, शिकवलेलं कुठेतरी पोचलं. मग खाली पाहिलं तर वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी नापास.

फाइल बंद करून पुन्हा उघडली होती, म्हणजे मागे घ्यायचं बटणही मेलेलं. भाचीला फोन लावला. ती इंजिनिअरिंगला आहे. म्हणाली, "मामा, घाबरू नका, फाइलच्या मेनूत व्हर्जन हिस्ट्री आहे, तिथं अर्ध्या तासापूर्वीची शीट जशीच्या तशी असेल." होती! त्या दिवशी मी या वस्तूला पहिल्यांदा नमस्कार केला.

मग मे महिना कूलरसमोर बसून भाचीकडून शिकलो. सम, ॲव्हरेज, काउंटइफ, वरची ओळ फ्रीझ करणं. (फॉर्म्युले इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी अक्षरांत करायचे, हे नवीन मंडळींसाठी.) पण मी अडकलो डॉलरच्या चिन्हाशी. ते काऊन लावतात हे डोक्यात शिरेना. तिने एक नवी शीट उघडली. पहिल्या ओळीत २ ते ३०, पहिल्या रकान्यात १ ते १०. बी२ मध्ये लिहिलं:

=$ए२*बी$१

आणि कोपरा धरून आधी खाली, मग उजवीकडे ओढलं. २ ते ३० चे सगळे पाढे, २९० घरं, एका फॉर्म्युल्यात. डॉलर ज्याच्या आधी लागला ते हलत नाही. ए च्या आधी लागला म्हणून रकाना पक्का, १ च्या आधी लागला म्हणून ओळ पक्की. २४ वर्षं पाढे घोकून घेणारा माणूस मी, स्क्रीनकडे पाहतच राहिलो. पाढा म्हणजे ओळ आणि रकाना यांचा गुणाकार, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण दिसलं त्या दिवशी.

आता मूळ प्रश्न. हे वर्गात न्यायचं आहे. नववीला सांख्यिकी आहे, मध्य (म्हणजे सरासरी), मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येतो तो आकडा), बहुलक (सगळ्यात जास्त वेळा येतो तो). अर्थनियोजनही आहे. माझ्याकडे पोरं ४६, संगणक कक्षात चालू असलेले कॉम्प्युटर नऊ, नेट म्हणजे माझ्या फोनचा हॉटस्पॉट. आणि मनात एक खुटखूट: पोट्टे बटणं दाबायला शिकतील आणि गणित तिथंच राहील. कोणी केलंय का? काय केलं, काय फसलं, दोन्ही सांगा.

सावजी_रस्सा | ११ जुलै, रात्री १०:१५

कंपास न आणणाऱ्याला तो निकाल एक दिवस तरी ठेवू द्यायचा होता सर. बाप्पा, घरी किती कौतुक झालं असतं.

काटोलकर मास्तर | ११ जुलै, रात्री ११:०४

सर, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत, पहिली ते सातवी. आमच्याकडे शीट आधी कार्यालयीन कामात शिरली, वर्गात नंतर. तुमच्यासारखाच एक अपघात सांगतो, कारण हा प्रत्येक शाळेत होऊन राहिला आहे.

सरलमधला (राज्य सरकारची विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद) विद्यार्थ्याचा आयडी १९ अंकी असतो. आधी वर्ष चार अंकी, मग शाळेचा यूडायस क्रमांक ११ अंकी (आपल्या जिल्ह्याचा २७०९ ने सुरू होतो), आणि शेवटी चार अंकी अनुक्रमांक. स्प्रेडशीट मात्र कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच नीट सांभाळते, पुढच्यांचे शून्य करते. आता बेरीज करा: ४ आणि ११ किती झाले? १५! म्हणजे वर्ष राहतं, शाळा राहते, आणि नेमका पोराचा अनुक्रमांक तेवढा पुसला जातो. एका वर्षी दाखल झालेल्या सगळ्या पोरांचा आयडी एकच, शेवटी चार शून्यं. मी संध्याकाळभर टाइप केलं आणि सकाळी पाहतो तर एकाच लेकराचे ३० अवतार.

उपाय सोपा. टाइप करण्याच्या आधी तो रकाना निवडा, फॉरमॅट, नंबर, प्लेन टेक्स्ट. टाइप झाल्यावर केलं तर उपयोग नाही, गेलेले अंक गेले.

श्रेणीचंही सांगून ठेवतो. आधी मी इफ च्या आत इफ, त्याच्या आत इफ असं नऊ वेळा लिहायचो, कंस मोजता मोजता डोळे जायचे. आता बाजूला छोटा तक्ता ठेवतो: ० ला इ-२, २१ ला इ-१, ३३ ला ड, ४१ ला क-२, ५१ ला क-१, ६१ ला ब-२, ७१ ला ब-१, ८१ ला अ-२, ९१ ला अ-१. तक्ता एल-एम रकान्यांत, गुण एच२ मध्ये, आणि

=व्हीलुकअप(एच२, $एल$२:$एम$१०, २, ट्रू)

शेवटचं ट्रू महत्त्वाचं. ७६ हा आकडा तक्त्यात नाही, तर त्याच्या खालचा सगळ्यात जवळचा, म्हणजे ७१, धरून ब-१ देतो. तक्ता चढत्या क्रमातच हवा. आणि ८०.५ आले तर ब-१ मिळतो, म्हणून आधी राउंड करा, नाहीतर पालक दारात. आकारिक (वर्षभर चालतं ते) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होतं ते) मूल्यमापनाचा भारांश इयत्तेप्रमाणे बदलतो, पहिली-दुसरीला ७०-३०, तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला निम्मा-निम्मा, सातवी-आठवीला ४०-६०. तो फॉर्म्युल्यात कोंबू नका. वेगळ्या सेलमध्ये लिहा आणि तिकडे बोट दाखवा, डॉलर लावून. पुढच्या वर्षी इयत्ता बदलली की फक्त दोन सेल बदलायचे.

खडूवाला | १२ जुलै, सकाळी ६:४०

मास्तर, १५ अंकांचं माहीतच नव्हतं. आमच्या कारकुनांना आत्ताच पाठवतो.

जुना हेडमास्तर | १२ जुलै, सकाळी ८:२०

निवृत्त आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. राग मानू नये.

गुणपत्रक, शेरे, हजेरी यासाठी खुशाल वापरा. शिक्षकाचा वेळ वाचतो. पण वर्गात? आलेख कागदावर मुलगा आधी विचार करतो की सगळ्यात मोठी संख्या किती, कागद किती, मग लिहितो "प्रमाण: य-अक्षावर १ सेमी = ५ एकक". ते प्रमाण ठरवणं हाच पाठ आहे. तुमचं यंत्र ते न विचारता ठरवून टाकतं आणि रंगीत चित्र हातात देतं. ज्याला प्रमाण ठरवता येत नाही तो समोर येईल त्या चित्रावर विश्वास ठेवतो. वर्तमानपत्रातले, टीव्हीवरचे फसवे आलेख असेच खपतात.

सरासरीचं तेच. ॲव्हरेज लिहिलं, उत्तर आलं. बेरीज कुठे गेली, भागाकार कुठे गेला?

निळी शाई | १२ जुलै, सकाळी ९:०१

सर, तुमचा मुद्दा अर्धा पटला. पण त्याच मुद्द्यावर मी एक तास घेतला आहे. एप्रिलमधल्या दहा दिवसांचं कमाल तापमान मुलींनी रोजच्या पेपरमधून उतरवलं होतं. शीटमध्ये रेषालेख काढला तर ४२ ते ४४ मधली चढउतार म्हणजे सातपुडा! मुली म्हणाल्या, "मॅडम, बुधवारी तर एकदम पडलं की तापमान." पडलं होतं एक अंश. मग चार्ट एडिटरमध्ये जाऊन उभ्या अक्षाची सुरुवात शून्यापासून करायला लावली, तर रेषा जवळपास आडवी झोपली. दोन चित्रं शेजारी ठेवली आणि विचारलं, खोटं कोणतं? तासभर भांडण झालं. शेवटी एक मुलगी म्हणाली, दोन्ही खरी, पण घाम दोन्ही चित्रांत सारखाच येतो.

हे आलेख कागदावर करायचं तर दोन वेळा काढायला लावावं लागलं असतं आणि दुसऱ्या वेळी कोणीच काढलं नसतं.

हिंजवडीतला नागपूरकर | १२ जुलै, दुपारी १:३०

फळा विरुद्ध शीट हे भांडण पाहून मजा वाटली, कारण शीट फळ्यातूनच निघाली आहे. १९७८ मध्ये डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये वर्गात बसला होता. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा मोठा तक्ता मांडत होते. एक आकडा चुकला, की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहा. याच्या मनात आलं की फळ्यावरचा एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलले तर? पुढच्या वर्षी त्याने आणि बॉब फ्रँकस्टनने व्हिझिकॅल्क आणलं, ॲपल टू वर. आजच्या सगळ्या स्प्रेडशीटचं ते आजोबा. गूगलची २००६ ची.

म्हणून माझं मत असं की हेडमास्तर सरांची बेरीज-भागाकाराची तक्रार बरोबर आहे, पण शीटचा उपयोग उत्तर काढायला करूच नका. उत्तर पोरांनी वहीत काढावं. शीट "हा आकडा बदलला तर काय होईल?" या एका प्रश्नासाठी ठेवा. तो प्रश्न फळ्यावर विचारता येतच नाही, डस्टर झिजतो.

बाकी तांत्रिक: फाइल, सेटिंग्जमध्ये लोकेल (म्हणजे देश) इंडिया करून घ्या. नाहीतर तारखेत महिना आधी येतो आणि ५ ऑगस्टचा ८ मे होतो. आणि गणिताच्या सरांनी सांभाळायची गोष्ट: ३/४ लिहिलं की शीट त्याला तारीख समजते. अपूर्णांक हवा असेल तर =३/४ लिहा, ०.७५ मिळेल.

सावजी_रस्सा | १२ जुलै, दुपारी १:४४

हिंजवडीत बसून तर्री पोहे मिळतात का ते पण सांगा भाऊ.

हिंजवडीतला नागपूरकर | १२ जुलै, दुपारी १:५०

नाही मिळत. जखमेवर मीठ चोळू नका. इथे पोह्यावर शेव टाकतात आणि त्यालाच पोहे म्हणतात.

निळी शाई | १३ जुलै, रात्री ८:१२

अर्थनियोजनासाठी माझा एक पाठ देते, विजेच्या बिलाचा. महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे असतात, १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. मुलींना आणि त्यांच्या आईवडिलांनाही वाटतं की ३०१ वं युनिट जळलं की सगळंच बिल महागड्या दराने लागतं. तसं नाही. पहिली १०० पहिल्याच दराने, पुढची २०० दुसऱ्या दराने, फक्त ३०१ पासूनचीच तिसऱ्या. दर बिलावरच छापलेले असतात, ते वेगळ्या चार सेलमध्ये लिहायचे, कारण बदलतात. फॉर्म्युला असा, बी२ मध्ये युनिट, दर एच२ ते एच५ मध्ये:

=मिन(बी२,१००)*एच$२ + मॅक्स(०,मिन(बी२,३००)-१००)*एच$३ + मॅक्स(०,मिन(बी२,५००)-३००)*एच$४ + मॅक्स(०,बी२-५००)*एच$५

हा एकदम द्यायचा नाही. आधी वहीत २५० युनिटचं बिल काढून घ्यायचं, मग ३५० चं, मग त्यांना विचारायचं की दोन्हींना चालेल असं एकच वाक्य करता येईल का. माझ्या वर्गाला दोन तास लागले आणि 'मॅक्स(०,...)' कशाला हे चार जणींनी स्वतः शोधलं: कमी युनिट असली की वजाबाकी उणे येते आणि महावितरण आपल्याला पैसे देतं असं दिसतं! स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क हे सगळं वर वेगळं येतं, त्यामुळे छापील रकमेशी लगेच जुळणार नाही, आधीच सांगून ठेवा.

दोन मुलांची आई | १३ जुलै, रात्री ९:३५

शिक्षक मंडळींत घुसते, माफ करा. मॅडम, पाठ छान आहे, पण बिल वर्गात आणायला सांगू नका. त्यावर नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक असतो, आणि कोणाच्या घरी एसी चालतो, कोणाचं बिल थकलं आहे, सगळं उघडं पडतं. नववीची मुलं फार बारीक पाहतात.

दुसरं. माझ्या मुलीच्या वर्गाची गुणांची शीट एकदा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली. 'लिंक असलेला कोणीही' असं शेअर केलेलं, तेही बदल करण्याच्या परवानगीसह. जन्मतारखा, फोन नंबर, आधारचे आकडे, सगळं त्यात. माझी मुलगी गणितात नापास आहे हे मला माझ्या आधी शेजारणीकडून कळलं. ती आठवडाभर शाळेत गेली नाही. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, एवढंच सांगते.

निळी शाई | १३ जुलै, रात्री ९:५८

ताई, बिलाचं डोक्यात आलं नव्हतं. यंदा मुलींनी फक्त युनिटचा आकडा चिठ्ठीवर आणायचा, नाव न लिहिता. तुमच्या मुलीचं वाचून वाईट वाटलं.

काटोलकर मास्तर | १४ जुलै, सकाळी ७:१५

ताईंचं अगदी बरोबर. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ च्या आतलं प्रत्येक जण मूलच धरलं आहे, आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची परवानगी लागते. मी नियम केला आहे. गुणांची शीट वेगळी, वर्गात उघडायची वेगळी. दुसरीत नावच नाही, फक्त गटाचा क्रमांक. शिवाय आपल्याकडे १३ वर्षांच्या आत स्वतःचं गूगल खातं पोरांना काढता येत नाही, म्हणून माझ्या सहावी-सातवीच्या पोरांची खाती काढायच्या फंदात पडलोच नाही. शाळेचं एक खातं, एक टॅब, माझ्या नजरेसमोर.

त्या टॅबवर आमचा पाठ म्हणजे पोषण आहाराचा तांदूळ. पाचवीपर्यंत पोरामागे १०० ग्रॅम, सहावीपासून १५०. रोज हजेरी घालायची, किती किलो लागेल ते शीट सांगते. पोरांनी तीन दिवसांत माझ्या साठा-वहीतली वजाबाकीची चूक काढली. मी गप्प बसून दुरुस्त केली.

बीएड_चालू | १४ जुलै, रात्री १०:२०

सरावपाठासाठी सेव्ह करून ठेवतेय. एक शंका, नेट गेलं तर?

हिंजवडीतला नागपूरकर | १४ जुलै, रात्री १०:४१

फोनच्या ॲपमध्ये फाइलवर 'अव्हेलेबल ऑफलाइन' करून ठेवा, कॉम्प्युटरवर क्रोममध्ये ऑफलाइनची सोय आहे. पण एकाच शीटवर नऊ मशीन आणि नेट गेलं तर एकमेकांचे बदल दिसायचे थांबतात. नेटचा भरवसाच नसेल तर लिबरऑफिसचं कॅल्क, फुकट आहे, फॉर्म्युले जवळपास तेच. मग ते ऑनलाइन नाही, पण तास बुडत नाही.

खडूवाला | २६ ऑगस्ट, रात्री ९:१०

मंडळी, धागा वर काढतो. तास झाला. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

विदा (म्हणजे आकडेवारी) काय घ्यावा यावर महिनाभर डोकं खाजवलं. पुस्तकातली उदाहरणं, कुठल्या तरी कारखान्यातल्या ५० कामगारांचं वेतन वगैरे, पोट्टे त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मग पोळा आला. नागपूरबाहेरच्या मंडळींसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा. लहान पोरं लाकडाचा नंदी सजवून घरोघरी नेतात आणि लोक त्यांना बोजारा देतात, म्हणजे दहा-वीस रुपये, चॉकलेट, काहीबाही. नववीच्यांना मी सांगितलं, तुम्ही मोठे झाले, आता धाकट्या भावाबहिणींचा, शेजारच्या लेकरांचा बोजारा मोजून आणा. नाव नको, फक्त रक्कम. एरवी गृहपाठ न आणणारे सगळे घेऊन आले.

आधी दोन तास वहीत. हेडमास्तर सर, तुमचं ऐकलं. मध्य, मध्यक, बहुलक हाताने काढले, स्तंभालेख आलेख कागदावर काढला, प्रमाण लिहून. तिसऱ्या तासाला संगणक कक्ष. नऊ गट, आठ गटांत पाच-पाच, एकात सहा. एकच फाइल, नऊ पानं, एका गटाला एक पान. शीर्षकाची ओळ मी प्रोटेक्ट करून ठेवली होती. शहाण्यासारखं वागलो असं वाटलं.

पहिली दहा मिनिटं पाण्यात. खात्याशिवाय लिंक उघडली की शीट प्रत्येकाला अनामिक प्राण्याचं नाव देते. वर कोपऱ्यात कॅपिबारा, वॉम्बॅट असं दिसायला लागलं आणि वर्गात मारबतीची मिरवणूक निघाली (तान्ह्या पोळ्यालाच नागपुरात मारबतीचे पुतळे गोंगाटात मिरवतात, 'रोगराई घेऊन जा गे मारबत' म्हणत). "कॅपिबारा कोण आहे बे? माझ्या पानावर काऊन आला?" एका गटाने दुसऱ्याच्या पानावर जाऊन सगळे आकडे उडवले. व्हर्जन हिस्ट्री आता मला येते, दोन मिनिटांत परत आणले. मग ज्या गटाने उडवले त्यांना तो इतिहास मोठ्या पडद्यावर दाखवला, कधी काय पुसलं ते रंगात दिसतं. एकदम शांत.

मग एका गटाची बेरीज हातच्या बेरजेपेक्षा कमी आली. "सर, कॉम्प्युटर चुकला." मी उत्तर सांगितलं नाही, म्हटलं आकडे नीट पाहा, एक वेगळा बसला आहे. पाच मिनिटं गेली. मग एकीला दिसलं की बाकी सगळे आकडे घराच्या उजव्या भिंतीला टेकून आहेत आणि एक डावीकडे. त्यात लिहिलं होतं "३० रु.". शीटच्या लेखी ती संख्या नाही, मजकूर आहे, म्हणून बेरजेतून वगळली. एकाने तर सरळ "चॉकलेट" लिहिलं होतं. त्यावर रकान्याचं शीर्षक काय असावं याची चर्चा झाली. 'बोजारा' हे शीर्षक पोरांनी खोडून 'बोजारा, रुपयांत' केलं. मी प्रोटेक्ट केलेली ओळ मलाच उघडून द्यावी लागली.

आता मुख्य गोष्ट. चौथ्या गटाचे सात आकडे होते: ३०, ४०, ५०, ५०, ६०, ७०, ५४०. शेवटच्या लेकराचा मामा आला होता, त्याने ५०० ची नोट दिली. मध्य आला १२०. मध्यक ५०, बहुलक ५०. मागच्या बाकावरची पोरगी उठून म्हणाली, "सर, सरासरी १२० आहे, पण १२० तर कोणालेच नाही भेटले." मी २४ वर्षं हेच वाक्य फळ्यावर लिहून देत आलो, 'टोकाच्या मूल्याचा मध्यावर परिणाम होतो', आणि पोरं ते परीक्षेत तसंच उतरवत आली. तिला ते कोणी लिहून दिलं नव्हतं.

मग म्हटलं, मामाला परत पाठवा. ५४० चे ४० करा. पण एंटर दाबायच्या आधी तिन्ही उत्तरांचा अंदाज वहीत लिहा. दाबलं. मध्य धाडकन ४८.५७ वर आला, मध्यक जागचा हलला नाही. त्यानंतर प्रत्येक गटाला मामा हवा होता. कोणी ५,००० देणारा मामा आणला, कोणी ५ लाखांचा. मध्य आकाशात आणि मध्यक आपला ५० वर बसलेला.

फसलं तेही सांगतो. नेट दोनदा गेलं, तीन मशीन शेवटपर्यंत अडकून राहिले, त्या गटांना दुसऱ्यांच्या खुर्च्यांमागे उभं राहावं लागलं. आणि प्रत्येक गटात माउस एकाच पोराच्या हातात राहिला, बहुतेक ठिकाणी पोराच्याच, पोरीच्या नाही. हे मला तास संपल्यावर लक्षात आलं. पुढच्या वेळी घड्याळ लावून माउस फिरवणार.

सावजी_रस्सा | २६ ऑगस्ट, रात्री ९:२२

चुकीचे फॉर्म्युले घेऊन जा गे मारबत!

हिंजवडीतला नागपूरकर | २६ ऑगस्ट, रात्री ९:४०

सर, ५४० चे ४० केल्यावर ४० दोनदा आणि ५० दोनदा येतात, म्हणजे बहुलक दोन. शीटने किती दाखवले?

खडूवाला | २६ ऑगस्ट, रात्री ९:५१

पकडलंत. एकच दाखवला. एका पोट्ट्याने वहीत दोन लिहिले होते आणि शीटचं पाहून एक खोडला! बरोबर उत्तर खोडून चुकीचं ठेवलं, यंत्रावर विश्वास म्हणून. हेडमास्तर सर हसत असतील.

हिंजवडीतला नागपूरकर | २६ ऑगस्ट, रात्री ९:५८

बहुलकाचा साधा फॉर्म्युला, मोड, एकच देतो. मोड.मल्ट लिहिलं की जेवढे असतील तेवढे एकाखाली एक देतो. खालचे सेल मोकळे ठेवा.

जुना हेडमास्तर | २७ ऑगस्ट, सकाळी ७:०५

हसलो नाही. त्या मुलाला सांगा की त्याची वही बरोबर होती, आणि वर्गासमोर सांगा.

मामाचा प्रयोग चांगला आहे. फळ्यावर झाला नसता, हे मान्य. पण आलेख कागदाचे दोन तास कमी करू नका.

बीएड_चालू | २७ ऑगस्ट, सकाळी ८:३०

सर, ज्यांचं लहान भावंड तान्ह्या पोळ्याला गेलंच नाही त्यांनी काय लिहिलं? शून्य?

खडूवाला | २७ ऑगस्ट, रात्री ८:४५

ताई, यावरच शेवटची दहा मिनिटं मारामारी झाली. सातव्या गटात एकाचा भाऊ तापाने झोपून होता. गटात बाकी चार आकडे २०, ३०, ४०, ३०. एक म्हणे घर रिकामं ठेवा, एक म्हणे शून्य लिहा. रिकामं ठेवलं तर ॲव्हरेज त्याला मोजतच नाही, चाराने भागतो, ३० येतात. शून्य लिहिलं तर पाचाने भागतो, २४. पोरांचा निवाडा असा झाला: गेला आणि काही मिळालं नाही तर शून्य, गेलाच नाही तर रिकामं.

घरी येऊन माझी जुनी घटक चाचणीची शीट उघडली. गैरहजर पोरांना मी सगळीकडे शून्य देऊन ठेवलं होतं आणि वर वर्गाची सरासरी काढून 'नववी ब कमजोर' असा शेरा मारला होता. ती शून्यं काढून 'गै' लिहिलं. सरासरी वर सरकली. शेरा मुख्याध्यापकांकडे गेलेला आहे, तो कसा परत आणायचा ते व्हर्जन हिस्ट्रीत नाही.

काटोलकर मास्तर | २७ ऑगस्ट, रात्री ९:३०

सर, बोजाऱ्याची ती फाइल द्या न. आकडे काढून, नुसता सांगाडा.

खडूवाला | २७ ऑगस्ट, रात्री १०:०२

देतो, संदेशातून पाठवतो. भाचीने एक युक्ती सांगितली आहे: लिंकच्या शेवटी एडिट हा शब्द असतो, तिथपासून पुढचं काढून कॉपी लिहिलं की समोरच्याला उघडताच 'प्रत बनवा' असंच विचारतं. मी तशीच पाठवतोय. मागच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये साधी लिंक दिली होती, आणि एका तासात कोणीतरी अख्खं पान अ ते ज्ञ लावून शीर्षकाची ओळ 'मामा'च्या वर नेऊन बसवली. कोणी ते विचारलं तर सगळे म्हणाले, कॅपिबारा.